टॅबलेटसाठी क्राउडफंडिंगमधला कीबोर्ड घ्यावा का?

लेखणीधर

नमस्कार. मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करतो आणि त्यातले बरेचसे काम प्रवासात, ११ इंची आयपॅड प्रोवर होते. पडद्यावरच्या कीबोर्डवर एखादे पान टंकता येते. पण अख्खे प्रकरण टंकायचे म्हटले की अर्धा पडदा कीबोर्डनेच व्यापला जातो, मूळ मजकूर आणि अनुवाद शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत आणि कळ दाबली गेल्याचे बोटांना जाणवत नसल्यामुळे चुका वाढत जातात. अ‍ॅपलचा मॅजिक कीबोर्ड २०२० मध्ये भारतात आला तेव्हाच या आकाराच्या टॅबलेटसाठी त्याची किंमत २७,९०० रुपये होती. केवळ टंकनासाठी एवढा खर्च करणे मला पटत नाही.

सध्या किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या, म्हणजे वस्तू बनण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करण्याच्या, संकेतस्थळावर एका लहान कंपनीची मोहीम चालू आहे. अ‍ॅल्युमिनियमचा कीबोर्ड, त्याच्या मागच्या कडेला बिजागरी, बिजागरीच्या खोबणीत टॅबलेट बसवला की लॅपटॉपसारखी उघडझाप, खाली टचपॅड आणि जोडणी ब्लूटूथने, असे त्याचे स्वरूप आहे. सवलतीची किंमत अ‍ॅपलच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी आहे. वस्तू पाठवण्याचा अंदाज आठ महिन्यांनंतरचा दिला आहे. मोहिमेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला त्या एका कंपनीविषयी नव्हे, तर अशा खरेदीविषयीच विचारायचे आहे. आधी पैसे देऊन टॅबलेटचा कीबोर्ड मागवणे शहाणपणाचे ठरते का, मोहिमेच्या पानावर नेमके काय पाहावे, आणि मराठी टंकनाच्या दृष्टीने काही वेगळे तपासायला हवे का, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.


सह्यवारा

लेखणीधर, आपण ‘मागवणे’ हा शब्द वापरला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. किकस्टार्टरवर आपण वस्तू मागवत नाही, एका प्रकल्पाला पैसे देतो. तो प्रकल्प तडीस गेला तर त्यातली एक वस्तू आपल्याला मिळते. कोकणात मोहोर पाहून आंब्याची बाग घेणारा व्यापारी जसा पुढचा पाऊस आणि तुडतुडे गृहीत धरून भाव ठरवतो, तसाच हिशेब येथे करावा लागतो.

किकस्टार्टर २००९ मध्ये सुरू झाले. सुरुवातीच्या काही वर्षांत लोक त्याकडे दुकान म्हणूनच पाहू लागले, तेव्हा सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनीने आपण दुकान नसल्याचे जाहीरपणे सांगितले, प्रत्येक मोहिमेला जोखमी आणि अडचणींविषयी स्वतंत्र विभाग लिहिणे सक्तीचे केले आणि यंत्रवस्तूंच्या मोहिमांमध्ये संगणकावर तयार केलेली, हुबेहूब खऱ्या वस्तूसारखी दिसणारी चित्रे दाखवण्यास मनाई केली. त्यामुळे कोणत्याही मोहिमेचा जोखमींचा विभाग सर्वांत आधी वाचावा. तो दोन गुळगुळीत वाक्यांत आटोपला असेल, तर निर्मात्याने पुढच्या वाटेचा विचार केलेला नाही असे मी समजतो.

आकडेही पाहू. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी किकस्टार्टरवर दोन अभ्यास केले आहेत. २०१५ मध्ये हजारो पाठीराख्यांना, म्हणजे पैसे देणाऱ्यांना, विचारून केलेल्या पाहणीत सुमारे ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नव्हती. त्याआधी, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन चतुर्थांशांहून अधिक प्रकल्पांची वस्तू ठरलेल्या वेळेनंतर पोहोचल्याचे आढळले. पैसे पूर्ण बुडण्याची शक्यता लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे आणि उशिराची शक्यता समजतात त्यापेक्षा पुष्कळ जास्त. आपल्या आठ महिन्यांचे तेरा-चौदा महिने होतील असे धरून चाला.

पैसे कधी कापले जातात हेही पाहावे. किकस्टार्टरवर उद्दिष्टाची रक्कम पूर्ण झाली तरच, आणि मोहिमेची मुदत संपल्यावरच, कार्डावरून पैसे जातात. उद्दिष्ट गाठले नाही तर एक रुपयाही जात नाही. इंडिगोगो या अशाच दुसऱ्या संकेतस्थळावर मात्र वर्षानुवर्षे अशी सोय होती की उद्दिष्ट अपुरे राहिले तरी जमलेली रक्कम निर्मात्याला मिळे. अपुऱ्या पैशांत कीबोर्डचे भाग ओतण्याचा साचा तरी कसा बनणार? म्हणून कीबोर्डसारख्या वस्तूसाठी त्या प्रकारच्या मोहिमेत मी पैसे देणार नाही.

कायद्याचा आधार किती, तर फारच थोडा. अमेरिकेत ग्राहकहित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने क्राउडफंडिंगमधील पहिली कारवाई जून २०१५ मध्ये केली. एका बोर्डगेमसाठी १ लाख २२ हजार डॉलरहून अधिक रक्कम गोळा करून ती स्वतःच्या खर्चासाठी वापरल्याचा आरोप निर्मात्यावर होता. सुमारे १ लाख ११ हजार डॉलर भरण्याचा आदेश निघाला, पण त्याची भरण्याची ऐपत नसल्याने तो स्थगित ठेवण्यात आला. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या ठिकाणीच तक्रार दाखल करता येते. परंतु ज्याचे भारतात कार्यालय नाही, मालमत्ता नाही, अशा निर्मात्याकडून पैसे वसूल करणे ही वेगळीच गोष्ट आहे.


यंत्रवेल्हाळ

सह्यवारा यांनी उशिराविषयी जे लिहिले आहे ते पुढे नेतो, कारण टॅबलेटच्या कीबोर्डच्या बाबतीत उशीर हाच सर्वांत मोठा धोका आहे, आणि मोहिमेची पाने वाचणाऱ्या बहुतेकांच्या तो लक्षात येत नाही.

क्राउडफंडिंगमधून घेतलेली पाठपिशवी किंवा दिवा वर्षभर उशिरा आला तरी त्याचा उपयोग कमी होत नाही. बिजागरीचा कीबोर्ड मात्र एका विशिष्ट टॅबलेटच्या जाडीला, रुंदीला आणि कडांच्या गोलाईला बांधलेला असतो. आयपॅडची जाडी पाहा: २०११ चा आयपॅड २ हा ८.८ मिलिमीटरचा होता, २०१२ चा तिसरा आयपॅड ९.४ चा, २०१३ चा आयपॅड एअर ७.५ चा, २०१४ चा एअर २ हा ६.१ चा आणि २०१८ चा ११ इंची प्रो ५.९ चा. २०२४ मध्ये ११ इंची प्रो आणखी पातळ, ५.३ मिलिमीटरचा झाला, आणि त्या वेळी खुद्द अ‍ॅपलचा आधीचा मॅजिक कीबोर्डही नव्या प्रोला चालेनासा झाला. मार्च २०१२ मध्ये आलेल्या तिसऱ्या आयपॅडची जागा चौथ्याने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये घेतली, म्हणजे जेमतेम सात महिन्यांत. तेव्हा नशिबाने आकार बदलला नव्हता. चार्जिंगचा जोड तेवढा बदलला होता.

आता याच्या शेजारी कीबोर्ड तयार होण्याचा काळ ठेवा. हाताने जुळवलेला नमुना चालला की कारखान्यात बनवता येईल असा आराखडा करावा लागतो. मग प्लॅस्टिकच्या भागांसाठी पोलादी साचे कोरायचे, साच्यातून निघालेले पहिले नमुने तपासायचे, कुठे बाक येतो, कुठे कळ अडकते ते पाहून साचा पुन्हा दुरुस्त करायचा. हे एकदाच घडत नाही. त्यानंतर बॅटरीच्या वाहतुकीची चाचणी, रेडिओलहरींची प्रमाणपत्रे. मधेच चिनी नववर्ष आले की कारखाने काही आठवडे बंद राहतात आणि सुटीवर गेलेले सगळे कामगार परत येतातच असे नाही. या सगळ्यात मूळ टॅबलेट बाजारातून निघून गेला, तर हाती आलेला कीबोर्ड केवळ आपल्या जुन्या टॅबलेटपुरता उरतो, आणि टॅबलेट बदलला की तोही निरुपयोगी होतो.

या प्रकारातली दोन जुनी उदाहरणे उद्बोधक आहेत. २०११ च्या अखेरीस टचफायर नावाचा प्रकल्प किकस्टार्टरवर आला. पडद्यावरच्याच कीबोर्डवर ठेवायची ती पारदर्शक, मऊ पट्टी होती. प्रत्येक कळीच्या जागी उंचवटा असे आणि चुंबकांच्या साहाय्याने ती जागेवर राही. उद्दिष्ट केवळ १० हजार डॉलरचे होते, जमले २ लाखांहून अधिक. कल्पना सुंदर होती, कारण तिला बॅटरी नको, जोडणी नको. पण ती पडद्यावरच्या कळांच्या जागांवर अवलंबून होती, आणि त्या जागा ठरवणे पूर्णपणे अ‍ॅपलच्या हातात होते. इंग्रजीसाठी योग्य असलेले उंचवटे दुसऱ्या भाषेच्या मांडणीवर बरोबर बसतीलच असेही नव्हते.

दुसरे उदाहरण ब्रिज या कंपनीचे. आपण वर्णन केलेला कीबोर्ड बहुतांशी त्याच वळणाचा आहे. २०१२ मध्ये तिच्या किकस्टार्टरवरच्या मोहिमेला ८ लाख डॉलरच्या आसपास रक्कम मिळाली आणि टॅबलेटचा लॅपटॉप करणारी ती अ‍ॅल्युमिनियमची बिजागरी लोकांना मनापासून आवडली. कंपनी उभी राहिली, वाढली, पुढच्या आयपॅडांसाठीही कीबोर्ड काढत राहिली. जानेवारी २०२० मध्ये तिने टचपॅड असलेला कीबोर्ड जाहीर केला आणि मार्चमध्ये अ‍ॅपलने आयपॅडओएस १३.४ मध्ये टचपॅडची पूर्ण सोय देऊन स्वतःचाही तसा कीबोर्ड जाहीर केला. ज्या कंपनीचा टॅबलेट, तिच्याशीच स्पर्धा, अशी ही स्थिती असते. २०२३ मध्ये ब्रिज बंद पडली आणि नव्या कीबोर्डासाठी आगाऊ पैसे भरलेल्या ग्राहकांना वस्तू मिळाली नाही. लक्षात घ्या, हे पैसे क्राउडफंडिंगचे नव्हते, कंपनीच्या स्वतःच्या आगाऊ नोंदणीचे होते. पहिली मोहीम यशस्वी झाली म्हणून दहा वर्षांनीही त्या नावावर डोळे झाकून पैसे द्यावेत असे होत नाही.

यावरून माझे मत असे आहे की टॅबलेटला घट्ट पकडणारी वस्तू क्राउडफंडिंगमधून घेऊ नये, आणि टॅबलेटपासून सुटी राहणारी वस्तू, म्हणजे वेगळा ब्लूटूथ कीबोर्ड, मोहीम चांगली असल्यास घेण्यास हरकत नाही. सुटा कीबोर्ड पुढच्या टॅबलेटलाही चालतो, फोनलाही चालतो, आणि दीड वर्ष उशिरा आला तरी त्याची उपयुक्तता तेवढीच राहते.

जाता जाता बिजागरीविषयी एक तांत्रिक गोष्ट. टॅबलेटचे सगळे वजन पडद्याच्या बाजूला असते. तो मागे कलंडू नये म्हणून खालचा कीबोर्ड तेवढाच जड ठेवावा लागतो किंवा पडदा मागे झुकण्याचा कोन मर्यादित ठेवावा लागतो. मोहिमेच्या पानावर कीबोर्डचे वजन दिले नसेल तर ते विचारा. २०१८ ते २०२२ मधला ११ इंची आयपॅड प्रो साधारण ४७० ग्रॅमचा आहे, त्यात तेवढेच वजन मिळवून झोळी उचलून पाहा.


टंकनिका

मराठीविषयीच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून लिहिते. मी इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कळांच्या मांडणीने टंकते, आणि जे इन्स्क्रिप्टने टंकतात त्यांनी टॅबलेटचा कीबोर्ड निवडताना सर्वप्रथम उजवी कड पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

कारण सांगते. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर एका कळीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर सुमारे १९ मिलिमीटर असते आणि मुख्य भागाच्या एका ओळीत पंधरा कळांची रुंदी बसते, म्हणजे एकूण सुमारे २८६ मिलिमीटर. २०१८ ते २०२२ मधल्या ११ इंची आयपॅड प्रोची लांब बाजू २४७.६ मिलिमीटरची आहे. जवळजवळ दोन कळांची जागा कुठून तरी काढावीच लागते. ती काढताना इंग्रजीची अक्षरे असलेल्या मधल्या कळांना शक्यतो धक्का लावला जात नाही. अरुंद केल्या जातात त्या उजव्या टोकाच्या चौकटी कंसाच्या, अर्धविरामाच्या, अवतरणचिन्हाच्या आणि तिरप्या रेघेच्या (/) कळा. काही कीबोर्डांत यांतल्या एकदोन कळा नाहीशाच होतात आणि एफएन कळीबरोबर दाबाव्या लागतात. इंग्रजीत टंकणाऱ्याला त्याचा फारसा त्रास होत नाही.

आता इन्स्क्रिप्टमध्ये त्या कळांवर काय आहे ते पाहा. अर्धविरामाच्या कळीवर च आणि छ, अवतरणचिन्हाच्या कळीवर ट आणि ठ, डाव्या चौकटी कंसावर ड आणि ढ, उलट्या तिरप्या रेघेवर ॉ आणि ऑ, आणि तिरप्या रेघेच्या कळीवर य. ही मराठीतली अडगळीतली अक्षरे नव्हेत. ‘च्या’ हा प्रत्यय घ्या: च, हलन्त, य, काना. आमच्या, तुमच्या, घराच्या, पुस्तकाच्या, प्रत्येक ओळीत एकदोनदा तरी तो येतो, आणि दर वेळी उजव्या करंगळीला च वरून य वर उतरावे लागते. या दोन कळा अरुंद असल्या की करंगळी शेजारच्या कळीवर पडते आणि दिवसभराच्या कामानंतर मनगटापर्यंत दुखते.

इन्स्क्रिप्टची मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये मान्य केली आणि पुढे १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात ती आली. ती पूर्ण आकाराच्या कीबोर्डासाठी विचारपूर्वक रचलेली आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. व्यंजनांची गर्दी उजवीकडे असल्यामुळेच कापलेल्या उजव्या कडेचा फटका आपल्याला अधिक बसतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांना ही अडचण येणार नाही. त्यांनी माझा हा प्रतिसाद सोडून दिला तरी चालेल.

म्हणून लेखणीधर, आपण इन्स्क्रिप्टने टंकत असाल तर मोहिमेकडे कीबोर्डचे वरून घेतलेले, मापे लिहिलेले रेखाचित्र मागा. तिरप्या रेघेची कळ क च्या कळीएवढी रुंद आहे का, एवढे पाहिले तरी पुरे. २०१८ ते २०२२ मधल्या १२.९ इंची आयपॅड प्रोची लांबी २८०.६ मिलिमीटर असल्याने त्या आकाराच्या कीबोर्डांत ही अडचण जवळजवळ राहत नाही.


मुठाकाठ

वरचे सगळे प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, पण वाचणाऱ्याचा असा समज होऊ नये की क्राउडफंडिंगपासून दूरच राहावे. मोठ्या कंपन्या चार लोकांच्या गरजेची वस्तू काढत नाहीत. टॅबलेटला लॅपटॉपसारखी बिजागरी असावी ही कल्पना ब्रिजने अ‍ॅपलच्या आधी आठ वर्षे लोकांसमोर ठेवली, आणि ती किकस्टार्टरवरच्या सामान्य माणसांच्या पैशांतून.

निर्माता कसा ओळखावा यासाठी मी कीबोर्डिओ या लहान कंपनीच्या कीबोर्डचे उदाहरण देईन. तो टॅबलेटचा कीबोर्ड नव्हे, लाकडी चौकटीचा, दोन भागांत विभागलेला मोठा कीबोर्ड होता. २०१५ मध्ये त्यासाठी साडेसहा लाख डॉलर जमले. वस्तू पुष्कळ उशिरा आली. कारखान्याच्या व्यवहारात तिथल्याच एका कर्मचाऱ्याने फसवणूक केल्याचेही पुढे उघड झाले. पण ती कंपनी चालवणाऱ्या जोडप्याने प्रत्येक अडचण, कारखान्यातल्या छायाचित्रांसह, पाठीराख्यांना तपशीलवार लिहून कळवली आणि कीबोर्ड लोकांच्या हाती दिले. म्हणून मी मोहिमेच्या पानापेक्षा निर्मात्याच्या आधीच्या मोहिमांमधली निवेदने वाचतो. पैसे मिळाल्यानंतरच्या सहाव्या-सातव्या महिन्यात तो काय लिहीत होता, किती वेळा लिहीत होता, हे तिथे कायमचे नोंदलेले असते. ज्याची ही पहिलीच मोहीम आहे त्याच्याकडे निदान साच्यातून निघालेला नमुना असावा, अशी अट मी स्वतःपुरती ठेवली आहे.


यंत्रवेल्हाळ

मुठाकाठ, पूर्ण सहमत आहे. कीबोर्डिओचा कीबोर्ड दोन वर्षे उशिरा आला तरी कोणत्याही संगणकाला जोडता येत होता, एवढेच त्यात जोडतो.


बंदरकाठ

जकात आणि कार्डाविषयी कोणी लिहिले नाही, ते मी लिहितो. माझे काम याच क्षेत्रातले आहे.

२०२० मध्ये लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते आपल्यालाच बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावे लागतात. किकस्टार्टर मोहीम संपल्यावर पैसे कापते, त्यामुळे नोंदणीच्या दिवशी व्यवहार सुरू ठेवून नंतर बंद केला, तर नेमक्या वेळी कार्ड नाकारले जाते. अशा वेळी दुरुस्तीसाठी सात दिवस मिळतात. बँक परकीय चलनाच्या व्यवहारावर साधारण दोन ते साडेतीन टक्के आकार लावते आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी.

मोहिमेत वस्तूला ‘रिवॉर्ड’ म्हणतात, त्यामुळे ती भेट म्हणून सुटेल असा काहींचा समज असतो. तसे होत नाही. कस्टम्सच्या दृष्टीने तो आयात केलेला माल आहे आणि परदेशातून येणाऱ्या भेटवस्तूंना असलेली सवलतही डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतली गेली. सीमाशुल्क आणि त्यावर आयजीएसटी ही आकारणी वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर होते. कुरियर कंपनी आधार किंवा पॅन मागते आणि स्वतःचा हाताळणी खर्चही लावते. दर बदलत असतात, म्हणून मी टक्केवारी लिहीत नाही. पैसे देण्यापूर्वी त्या वेळचा दर पाहून घ्यावा आणि किंमत त्याच्यासह मोजावी. मोहीम ‘जकात समाविष्ट’ म्हणत असेल तर त्यात भारत आहे का, हे लेखी विचारा. पुष्कळदा ती सोय अमेरिका आणि युरोपपुरतीच असते.

आणखी एक. ब्लूटूथ उपकरण भारतात आणताना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या बिनतारी उपकरणे पाहणाऱ्या शाखेची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराला मिळणारी मान्यता, हा मुद्दा येतो. निर्मात्याने ती घेतली आहे का, हे विचारण्यात संकोच करू नका. त्याला हा प्रश्नच समजला नाही, तर भारतात पाठवण्याची तयारी किती आहे ते आपोआप कळेल.


लेखणीधर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सूचनांप्रमाणे मी मोहिमेला पत्र लिहून रेखाचित्र, वजन, साच्यांची स्थिती आणि भारतातील जकातीची जबाबदारी याविषयी विचारले. त्यांनी प्रामाणिकपणे उत्तर दिले, हे आवर्जून नोंदवतो. साचे अद्याप कोरलेले नाहीत. जमलेल्या पैशांतूनच ते होणार आहेत. जकात घेणाऱ्याने भरायची आहे. ईटीएचा विचार झालेला नाही. आणि रेखाचित्रात तिरप्या रेघेची कळ इतर कळांच्या निम्म्याहून थोडीच अधिक रुंद आहे, अवतरणचिन्हाची कळही तशीच. मी इन्स्क्रिप्टनेच टंकतो, त्यामुळे टंकनिका यांच्या प्रतिसादानंतर माझ्यापुरता प्रश्न सुटला.

जकात, बँकेचा आकार आणि पाठवणीचा खर्च मिळवून बेरीज केली, तर सवलतीचा बराचसा भाग त्यातच जातो. म्हणून या मोहिमेत मी पैसे देणार नाही. दुकानात जाऊन उजव्या कडेच्या कळा मोजून घेतलेला सुटा ब्लूटूथ कीबोर्ड आणि घडीचा स्टँड, असा विचार पक्का केला आहे. मांडीवर ठेवून टंकण्याची सोय त्यात राहणार नाही, ही उणीव मान्य आहे. माझे बहुतेक काम रेल्वेच्या आसनापुढच्या फळीवर किंवा अतिथीगृहाच्या टेबलावर होते. त्याच कंपनीने पुढे सुटा, पूर्ण रुंदीचा कीबोर्ड काढला आणि साच्यातला नमुना दाखवला, तर तिच्या पुढच्या मोहिमेत मी आनंदाने पैसे देईन, असे त्यांना कळवलेही आहे.

एक शेवटचा प्रश्न: सुट्या कीबोर्डवर मराठी आणि इंग्रजी यांच्यात बदल करण्यासाठी दर वेळी पडद्याला हात लावावा लागतो का?


टंकनिका

लागत नाही. आयपॅडच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्डांच्या यादीत मराठी जोडून ठेवा. त्यानंतर कंट्रोल आणि स्पेस या कळा एकत्र दाबल्या की पुढची भाषा येते. पृथ्वीगोलाचे चिन्ह असलेली कळ असेल तर तिनेही हेच होते. बाह्य कीबोर्ड जोडलेला असतानाच ‘हार्डवेअर कीबोर्ड’ हा पर्याय तिथे दिसतो. तो उघडून मराठीसाठी कोणती मांडणी निवडली आहे ते पहिल्याच दिवशी पाहून घ्या. शक्य झाल्यास टॅबलेट दुकानात सोबत न्या आणि तिथेच ‘तुमच्या वाड्याच्या छपरावर’ एवढे टंकून पाहा. च, ड, य आणि छ या चारही अक्षरांची परीक्षा त्यात होते.